सरकत्या पट्ट्यावरची सुशी: काय उचलायचं, काय मागवायचं

काइतेन-झुशी म्हणजे जपानमधलं सगळ्यांना परवडणारं सुशीचं दुकान. टेबलाला लागून एक पट्टा अखंड सरकत असतो, त्यावर छोट्या बश्या. हवी ती उचला, खा, शेवटी रिकाम्या बश्या मोजून पैसे द्या. सगळं इतकं सोपं दिसतं की पहिल्यांदा जाणारा माणूस पट्ट्याकडे टक लावून बसतो आणि समोर येईल ते उचलत सुटतो. पोट भरतं, पण त्या दुकानातली चांगली सुशी त्याच्या वाट्याला येतेच असं नाही. पट्ट्यावर असतो तो स्वयंपाकघराने अंदाजाने बनवून सोडलेला माल. तो किती वेळ फिरतोय हे बशीकडे नुसतं बघून कळत नाही. पट्टा कसा चालतो हे माहीत असलं, तर काय उचलायचं आणि काय टेबलावरच्या स्क्रीनवरून ताजं मागवायचं, हे आपोआप ठरतं.

पट्ट्याची गोष्ट

ही युक्ती ओसाकाजवळच्या हिगाशी-ओसाकामधली. शिराइशी योशिआकी यांचं तिथे सुशीचं छोटं दुकान होतं. आजूबाजूला कारखाने, गिऱ्हाइकं कामगार वर्गातली, भाव कमी ठेवणं भाग, आणि वाढायला माणसं मिळेनात. असाही या कंपनीच्या बिअर कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि तसाच पट्टा सुशीसाठी करायचं मनावर घेतलं. सगळं जमायला काही वर्षं गेली. १९५८ साली ‘गेनरोकु सुशी’ हे पहिलं फिरत्या सुशीचं दुकान उघडलं. १९६२ मध्ये या यंत्राच्या हक्काची नोंदणी झाली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं आणि त्याचा बोलबाला झाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हक्काची मुदत संपली, तशा इतर कंपन्या धडाधड उतरल्या. आज सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी, काप्पा सुशी ही मोठी नावं आहेत.

शिराइशींना सगळ्यात जास्त सतावलं ते दोन गोष्टींनी: कोपरे आणि वेग.

पट्टा म्हणतात खरं, पण तो रबरी पट्टा नसतो. आत एक साखळी आडवी, म्हणजे कुशीवर टाकलेली असते. तिच्या कड्यांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या बसवतात. एका कोरीची फुगीर बाजू पुढच्या कोरीच्या खोलगट बाजूत बसते, त्यामुळे वळणावर चकत्या एकमेकींवरून घसरत वळतात, मध्ये फट पडत नाही आणि बशी अडखळत नाही. साध्या कन्व्हेयरचा पट्टा पुढे जातो आणि खालून परत येतो. इथे परतीचा खालचा पदरच नाही, सगळी साखळी एकाच पातळीवर गोल फिरते. म्हणून यंत्र उथळ राहतं आणि काउंटरखाली गिऱ्हाइकाच्या पायांना जागा उरते. जपानमधले असे जवळजवळ सगळे पट्टे इशिकावा या एकाच प्रांतात बनतात.

वेग ठरला सेकंदाला ८ सेंटिमीटर. याहून हळू असेल तर आवडीची बशी येईपर्यंत माणूस कंटाळतो, जोरात असेल तर बशी पकडताना घाबरतो आणि माशावरून वारा जास्त फिरून तो सुकतो. ८ सेंटिमीटर म्हणजे मिनिटाला ४.८ मीटर. समजा दुकानातला पट्टा ६० मीटर लांब आहे, तर एक फेरी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. तीन फेऱ्या कोणी उचलली नाही, तर ती बशी तुमच्यासमोर येईस्तोवर अर्ध्या तासाहून जुनी झालेली असते, आणि हा सगळा वेळ ती एसीच्या हवेत उघडी असते.

अशी बशी कायमची फिरत राहू नये याचीही व्यवस्था असते. सुशिरोने बश्यांच्या बुडाला चिप बसवल्या. तिथे सुशी मोकळी फिरत होती तेव्हा बशी किती अंतर फिरली याची नोंद राहायची आणि ३५० मीटर झाले की ती आपोआप पट्ट्यावरून बाजूला काढून टाकली जायची. वर सांगितलेला वेग धरला, तर ३५० मीटर म्हणजे सुमारे ७३ मिनिटं. ही सुरक्षिततेची मर्यादा झाली. चवीची मर्यादा त्याच्या खूप आधी येऊन गेलेली असते.

फिरता फिरता काय बिघडतं

सुशीचे तीन घटक तीन वेगवेगळ्या गतीने खराब होतात, आणि सगळ्यात आधी जाते ती नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा काळा कागद. ती कोरडी असते, भात ओलसर असतो, ती भातातलं पाणी ओढून घेते. बनवल्यावर काही मिनिटंच ती कुरकुरीत असते, नंतर चिवट होते आणि दाताने तुटत नाही. त्यामुळे गुंकान, म्हणजे भाताच्या मुदीभोवती नोरीची उभी भिंत आणि वर सामनची गाभोळी किंवा चिरलेला मासा, हा प्रकार पट्ट्यावरून उचलण्यात अर्थ नाही. तो मागवायचा, आणि आल्या आल्या पहिला खायचा.

नंतर भात. सुशीचा भात अंगाइतका कोमट असतानाच उत्तम लागतो. थंड झाला की शिजलेल्या पिठूळ भागाची रचना बदलून दाणा घट्ट होतो. चांगली मूद तोंडात गेल्यावर सुटते. जुनी मूद गोळा होऊन बसते आणि तिच्या कडेचे दाणे कडक लागतात. बशी समोर आली की मुदीच्या खालच्या कडेकडे बघा. दाणे पांढुरके, कोरडे आणि सुटे दिसत असतील तर जाऊ द्या.

मासा बहुधा सगळ्यात शेवटी, पण डोळ्यांना तोच सगळ्यात स्पष्ट सांगतो. कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा लाल काप हवेत राहिला की तपकिरी होत जातो. त्यातल्या लाल रंगद्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो, आणि सुरुवात कडांपासून होते. मध्ये लाल आणि कडेला चॉकलेटी रेघ दिसली तर बशी जुनी. सामनचा रंग टिकतो, पण चकाकी जाते. म्हाकुळाचा काप सुकला की कडा वर वळतात. कोळंबी उकडलेली असेल तर फारसा फरक पडत नाही.

मग पट्ट्यावरून बिनधास्त काय उचलावं? अंड्याचा गोडसर तामागो, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी, मुरवलेल्या मुळ्याचे रोल, शिजवून वर गोड सॉस लावलेली वाम, झाकणबंद पुडिंग, कापलेली फळं. शिवाय स्वयंपाकघरातून त्या क्षणी बाहेर पडलेली कुठलीही बशी. इथे बसण्याची जागा कामाला येते. पट्टा स्वयंपाकघरातून जिथे बाहेर येतो, त्याच्या जवळच्या जागांसमोरून ताजा माल आधी जातो आणि भरपूर जातो. पट्ट्याच्या शेपटाकडे बसणाऱ्याला इतरांनी नाकारलेलं बघावं लागतं. जागा निवडायची मुभा मिळालीच तर ही गोष्ट लक्षात ठेवा. सहसा मिळत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी पट्टा फिरतच नाही

जुनी प्रवासवर्णनं वाचून गेलेल्यांचा इथे हिरमोड होतो. २०२३ च्या जानेवारीत एका किशोरवयीन मुलाचा व्हिडिओ पसरला. गिफू प्रांतातल्या सुशिरोच्या शाखेत तो सोया सॉसच्या बाटलीचं तोंड चाटून ठेवतो आणि थुंकीचं बोट पट्ट्यावरच्या सुशीला लावतो. तसलेच आणखी व्हिडिओ निघाले, लोकांना किळस आली, मूळ कंपनीच्या शेअरचा भाव पडला. सुशिरोने मोकळी फिरणारी सुशी बंद केली आणि पट्ट्यावरून फक्त मागवलेल्या बश्या पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी काही शाखांत टेबलाशेजारी भलामोठा पडदा आला. त्यावर चित्रातल्या बश्या सरकतात, बोट लावलं की ऑर्डर जाते आणि खरी बशी मागून येते. तसं बघितलं तर बदल आधीच सुरू झाला होता. फिरत्या मालातला बराचसा फेकावा लागतो, म्हणून काही कंपन्या आधीपासूनच ऑर्डरपुरत्या सरळ, वेगवान मार्गिकांकडे वळल्या होत्या. त्या व्हिडिओने उरलेल्यांना ढकललं.

कुरा सुशीत मात्र खरा पट्टा अजून फिरतो. तिथे प्रत्येक बशीवर २०११ पासून पारदर्शक झाकण असतं. झाकणाला हात लावायचा नाही. बशीची पुढची कड धरून वर उचलली की झाकण आपोआप उघडतं, बशी ओढून घ्यायची आणि रिकामं झाकण पुढे जाऊ द्यायचं. नवखे लोक दोन्ही हातांनी झाकण उपसायला जातात, तेवढ्यात बशी पुढच्या टेबलापाशी पोचते. झाकण उघडून बशी न घेता परत मिटवली, तर ते टिपायला आता कॅमेरे आहेत. म्हणून ‘उघडून बघू, नाही आवडलं तर ठेवू’ हा प्रकार इथे नाही.

आत शिरल्यापासून

दारातच एक यंत्र असतं. भाषा बदलून इंग्रजी घ्या, किती माणसं ते टाका, टेबल हवं की काउंटर ते सांगा, नंबराची चिठ्ठी घ्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ सहकुटुंब येणाऱ्यांची, तासभर थांबावं लागू शकतं. मोठ्या साखळ्यांच्या अॅपवरून आधी नंबर लावता येतो. नंबर पुकारतात जपानीत, म्हणून कानांपेक्षा पडद्यावर भरवसा ठेवा. पुकारल्यावर समोर नसाल तर नंबर पुढे जातो. एकट्यादुकट्याने काउंटर घ्यावा, बोलावणं लवकर येतं.

टेबलावर कप, चॉपस्टिक, सोया सॉस, आल्याच्या लोणच्याचा डबा, चहाच्या पुडीची डबी, आणि पट्ट्याच्या कडेला भिंतीतून आलेला एक छोटा नळ, त्याखाली काळं बटण. हा नळ हात धुवायचा नाही. त्यातून जवळपास उकळतं पाणी येतं, आणि बटणावर कप दाबला की लगेच येतं. परदेशी पाहुण्यांनी इथे हात भाजून घेतल्याचे किस्से जपानमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. लहान मूल बरोबर असेल तर त्याला पट्ट्याकडच्या बाजूला बसवू नका, मधल्या किंवा बाहेरच्या जागेवर बसवा. त्या डबीतली हिरवी पूड म्हणजे चहा, वसाबी (सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी) नव्हे. सोया सॉसमध्ये ती कालवणारेही भेटतात. कपात एक छोटा चमचा पूड, मग पाणी, ढवळा, झालं. गाळायचं काही नाही. चहा फुकट, हवा तितका.

वसाबी आता मोठ्या साखळ्यांत मुदीत घालत नाहीत, कारण मुलं तेच खातात. छोट्या पुड्या टेबलावर किंवा पट्ट्यावर असतात.

स्क्रीनवरही भाषा बदलता येते. पदार्थाच्या पानावर काही ठिकाणी भात अर्धा करायची सोय असते. ज्यांना मासे खायचेत पण भाताने पोट भरायला नको, त्यांनी ती जरूर वापरावी. एका खेपेला दोन-तीन बश्याच मागवा. चौघांनी मिळून वीस बश्या एकदम मागवल्या तर त्या एकामागोमाग येऊन टेबलावर साचतात, आणि पट्ट्यावर जुन्या होणाऱ्या सुशीत आणि टेबलावर जुन्या होणाऱ्या सुशीत काहीच फरक नाही.

मागवलेली बशी दोन प्रकारे येते. वरच्या सरळ मार्गिकेवरून आली तर ती तुमच्या टेबलासमोर येऊन थांबते. सगळ्या बश्या उचला आणि बटण दाखवत असेल तर दाबा. ट्रे अडकून राहिला तर पुढच्यांची ऑर्डर तुमच्यामुळे खोळंबते. फिरत्या पट्ट्यावरून आली तर ती रंगीत पायावर ठेवलेली असते, आणि जवळ आली की स्क्रीन घंटी वाजवतो. तुमच्या टेबलाचा रंग नसेल तर ती बशी कितीही मोहक दिसली तरी दुसऱ्याची. तुमची निसटलीच तर तिच्यामागे धावू नका, स्क्रीनवरच्या बटणाने कर्मचाऱ्याला बोलवा.

एकदा हात लागलेली बशी तुमची. ती परत पट्ट्यावर ठेवायची नाही, रिकामी तर नाहीच नाही.

खायचं कसं

हाताने खाल्लं तर कोणी नावं ठेवत नाही. निगिरी, म्हणजे मूद आणि वर माशाचा काप, ही हाताने खायची रीत जुनीच आहे. सोया सॉस मात्र भाताला लावू नका. भात तो स्पंजासारखा शोषतो, मूद फुटते आणि फक्त मीठ लागतं. मूद आडवी करून माशाची बाजू जरा टेकवा. गुंकान उलटं करता येत नाही, तेव्हा वरून दोन थेंब सोडा. आल्याचं लोणचं सुशीवर ठेवायचं नसतं, एका माशाची चव जाऊन दुसऱ्याची कळावी म्हणून मधे चघळायचं असतं. आधी पांढरे, सौम्य मासे, मग कुपा आणि सामन, शेवटी वाम आणि गाभोळी, हा क्रम चवीला सोयीचा आहे. पाळलाच पाहिजे असं नाही.

कच्चा मासा, एवढ्या स्वस्तात?

स्वस्त मासा म्हणजे शिळा मासा, असं मनात येणं साहजिक आहे. खरं उत्तर गोठवण्यात आहे. या दुकानांतला बराचसा मासा गोठवून आलेला असतो आणि ते चांगलंच आहे. कुपा उणे ६० अंशांना ठेवतात, कारण घरच्या फ्रीजरच्या उणे १८-२० अंशांना त्याचा लाल रंग हळूहळू तपकिरी होतच राहतो. दुसरं कारण परजीवींचं. बांगड्याच्या जातीचे मासे, म्हाकूळ, समुद्रातला रानटी सामन यांत अनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. ती जिवंत पोटात गेली तर काही तासांत पोटात भयंकर कळा येतात. जपानच्या आरोग्य खात्याच्या सांगण्याप्रमाणे उणे २० अंशांना २४ तास गोठवलं की ती मरते. व्हिनेगर, वसाबी किंवा सोया सॉसने ती मरत नाही. ‘वसाबी भरपूर लावा म्हणजे काही होत नाही’ हे ऐकीव ज्ञान विसरा. गरोदर बाई, फार लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने कच्चं टाळून शिजवलेले प्रकार घ्यावेत, आणि ते भरपूर असतात.

सामनची गंमत वेगळी. ऐंशीच्या दशकापर्यंत जपानी माणूस सामन कच्चा खात नसे, कारण जवळच्या समुद्रातल्या सामनमध्ये परजीवी सापडत. नॉर्वेकडे पिंजऱ्यात वाढवलेला, कोरड्या खाद्यावर पोसलेला भरपूर सामन होता. त्यांनी १९८५ च्या सुमारास जपानी बाजारासाठी मोहीमच काढली. पारंपरिक सुशीवाले नाक मुरडत राहिले, फिरत्या सुशीवाल्यांनी तो उचलला, आणि आज या दुकानांत सामन सगळ्यात लाडका आहे. इथे तो निर्धास्त मागवावा.

राहिला भावाचा प्रश्न. सुशिरोने १०० येनची (कर धरून ११०) बशी २०२२ च्या ऑक्टोबरात बंद केली. तेव्हा तिथली सगळ्यात स्वस्त बशी १२० येनची झाली, वरच्या रंगांच्या १८० आणि २६०. बशीचा रंग म्हणजे भाव, आणि मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत तीच बशी जरा महाग पडते. एका बशीत सहसा दोन मुदी, महागड्या माशाची एकच. त्या भावांनी दहा बश्या खाणाऱ्याचं बिल १,२०० ते १,८०० येनच्या आसपास जायचं. टिप देत नाहीत, दाखवलेल्या भावात कर धरलेला असतो.

एवढ्यात परवडतं कारण माणसं कमी. मूद वळायचं कौशल्य कमवायला सुशीच्या आचाऱ्याला वर्षं लागतात, इथे ते काम यंत्र करतं. सुझुमो कंपनीने पहिला सुशी रोबो १९८१ साली आणला. तो भाताच्या मुदी पाडतो, माणूस वर काप ठेवतो. सुशिरोची यंत्रणा किती गिऱ्हाइकं आत आली, किती वेळ बसली यावरून एक मिनिटानंतर आणि पंधरा मिनिटांनंतर काय लागेल याचा अंदाज बांधते. चहा तुम्ही करता, पाणी तुम्ही आणता. वाचलेला पैसा माशात जातो. साध्या रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या साधारण ३० टक्के रक्कम कच्च्या मालावर जाते, या साखळ्यांत ती ४० ते ५० टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे कुप्यावर दुकानाला फारसं सुटत नाही. मक्याचे दाणे-मेयोनेज, अंडं, तळलेले बटाटे आणि केक यांतून ते भरून काढतात. पैसा वसूल करायचाच असेल तर मासाच खा, बटाटे मुंबईतही मिळतात.

शाकाहारी असाल तर

इथे नीट वाचा, कारण दिसतं एक आणि असतं दुसरं. पट्ट्यावर काकडीचा रोल, मुरवलेल्या मुळ्याचा रोल, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रोल, इनारी, वांग्याची निगिरी, मक्याचं गुंकान, एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाच्या कोवळ्या शेंगा, एवढं सगळं दिसतं. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. इनारीची पिशवी त्यात शिजलेली असते. तामागोत ती असते, म्हणून अंडं खाणाऱ्यांनीही हे धरून चालावं. मिसो सूप, उदोन म्हणजे जाड शेवयांचं पाणी, चावानमुशी म्हणजे वाफवलेलं अंड्याचं खारं कस्टर्ड, सगळ्यांत ती. नात्तोबरोबरच्या सॉसमध्ये बहुधा असते. टेबलावरच्या सोया सॉसच्या बाटल्यांपैकी एखादी दाशी घातलेली असते, तेव्हा साधी बाटली कुठली ते विचारून घ्या.

कंपन्यांच्या वेबसाइटवर अॅलर्जीचा तक्ता असतो. शाकाहारी लोक तो बघून निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. त्या तक्त्यात जपानी नियमांनी ठरवलेले पदार्थच येतात: अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे, माशांपैकी सामन आणि बांगड्याच्या जातीचा साबा. बोनिटो त्या यादीत नाही. त्यामुळे दाशी घातलेल्या पदार्थापुढेही माशाची खूण नसते. ‘दाशी काढून द्या’ असं सांगूनही उपयोग नाही, सॉस आणि शिजवलेले भाग मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार येतात. तळणीचं तेल कोळंबीला आणि बटाट्याला एकच असतं.

मग उरतं काय? काकडीचा रोल, एदामामे, फळं, आइस्क्रीम, आणि साध्या सोया सॉसबरोबर अॅव्होकाडो असेल तर तो. भातात घालायच्या व्हिनेगरच्या मिश्रणातही कंपनीगणिक काय काय असतं, म्हणून कडक नियम पाळणाऱ्यांनी या दुकानात जेवणाचा बेतच करू नये. बरोबरच्यांना सोबत म्हणून जाणं, चहा आणि शेंगा घेणं ठीक. जे ‘डोळ्यांना मासा दिसत नाही ना, मग चालेल’ एवढ्यावर थांबतात, त्यांना मात्र इथे पोटभर मिळतं. आपण कुठल्या गटात ते आधी ठरवून जावं, टेबलावर बसून वाद घालू नये.

बिल

खाऊन झालं की स्क्रीनवरचं बिलाचं बटण दाबा. त्याआधी बश्या रंगाप्रमाणे, दहा-दहाच्या चळती करून ठेवल्या तर मोजणी लवकर होते. सूपच्या वाट्या वेगळ्या. कुठे कर्मचारी येऊन मोजतो, कुठे हातातलं यंत्र चळतीवरून फिरवतो आणि चिप वाचून बेरीज होते. कुरा सुशीत टेबलाच्या कडेला एक फट असते. रिकाम्या बश्या त्यात टाकायच्या, त्या आतल्या पाण्याच्या पाटातून धुण्याच्या जागी जातात आणि जाता जाता मोजल्या जातात. दर पाच बश्यांनंतर स्क्रीनवर एक छोटा खेळ लागतो आणि नशीब असेल तर वरच्या यंत्रातून खेळण्याची डबी पडते. मुलं त्यासाठी आईबापांना आणखी बश्या खायला लावतात, म्हणून चौदाव्या बशीवर बिल मागायचं धाडस सहसा कोणी करत नाही. वाट्या आणि बाजूचे पदार्थ आलेली भांडी त्या फटीत टाकू नका, अडकतात.

पैसे टेबलावर द्यायचे नसतात. टेबलाच्या नंबराची पट्टी किंवा चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या यंत्रापाशी जा, ती दाखवा, रोख किंवा कार्डाने भरा. चिठ्ठी टेबलावरच विसरली तर परत आत जावं लागतं, आणि तोवर पुसणाऱ्याने ती बश्यांबरोबर उचललेली असू शकते. टेबलावरचं उरलेलं कच्चं सहसा बांधून देत नाहीत. घरी न्यायचं असेल तर ते वेगळं मागवावं लागतं.